पैसा कोणाचा, माती कोणाची: एका पुरातत्त्वसंस्थेच्या विरोधपत्राचं प्रकरण

‘आर्किऑलॉजी’ हे अमेरिकेतलं द्वैमासिक पुरातत्त्वाची आवड असलेल्या सामान्य वाचकासाठी निघतं. मोठी रंगीत छायाचित्रं, सोपी भाषा, तळटिपांचा जाच नाही. त्याच्या मे-जून २०१२ च्या अंकात अध्यक्षांच्या पानावर एक पत्र छापून आलं. लिहिणाऱ्या होत्या एलिझाबेथ बार्टमन, रोमन शिल्पांच्या अभ्यासक आणि आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका (पुढे एआयए) या संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्ष. सरकारी अनुदानातून झालेल्या संशोधनाचे निबंध सर्वांना फुकट वाचायला मिळावेत, यासाठी अमेरिकी संसदेत आलेल्या विधेयकाला एआयएचा विरोध आहे, असं त्यांनी त्या पत्रात आडपडदा न ठेवता सांगितलं.

अशा वादात विद्वत्संस्था सहसा गुळमुळीत बोलतात. ‘तत्त्वतः पाठिंबा, पण अंमलबजावणीबाबत काही शंका’ हा त्यांचा नेहमीचा सूर. एआयएने तो लावला नाही. त्यामुळे या प्रकरणात युक्तिवाद उघड्यावर आहेत आणि ते एकेक करून तपासता येतात.

संस्था कोणती

एआयए १८७९ मध्ये बॉस्टनला स्थापन झाली. चार्ल्स इलियट नॉर्टन हे तिचे संस्थापक. १९०६ मध्ये संसदेने तिला सनद दिली. ‘अमेरिकन जर्नल ऑफ आर्किऑलॉजी’ (एजेए) हे तिचं त्रैमासिक १८८५ पासून निघतं आणि ग्रीक-रोमन जगाच्या, भूमध्य परिसराच्या पुरातत्त्वात त्याचा दबदबा मोठा आहे. सामान्यांसाठीचं ‘आर्किऑलॉजी’ १९४८ पासूनचं. याखेरीज गावोगावच्या शाखा आणि फिरती व्याख्यानं. म्हणजे ही नफेखोर प्रकाशन कंपनी नव्हे. सभासदांच्या, देणगीदारांच्या आणि ग्रंथालयांच्या वर्गणीवर चालणारा हा जुना संसार. ही गोष्ट विसरली तर पुढचं सगळं प्रकरण एकतर्फी वाटेल.

हवा तापलेली होती

डिसेंबर २०११ मध्ये ‘रिसर्च वर्क्स ॲक्ट’ नावाचं विधेयक प्रतिनिधिगृहात मांडलं गेलं. प्रकाशकाच्या संमतीशिवाय सरकारी संस्थांनी मुक्त प्रवेशाची (म्हणजे निबंध सर्वांना फुकट वाचू देण्याची) अट घालू नये, असा त्याचा गाभा. एल्सेव्हियर या बलाढ्य प्रकाशकाचा त्याला पाठिंबा होता. जानेवारी २०१२ मध्ये गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांच्या पुढाकाराने एल्सेव्हियरवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली आणि हजारो संशोधकांनी सह्या केल्या. फेब्रुवारीअखेर एल्सेव्हियरने हात काढून घेतला आणि ते विधेयक बारगळलं. त्याच महिन्यात उलट्या दिशेचं विधेयक आलं: ‘फेडरल रिसर्च पब्लिक ॲक्सेस ॲक्ट’. एआयएचा विरोध होता तो याला. एप्रिलमध्ये हार्वर्डच्या ग्रंथालयविषयक प्राध्यापक समितीने नियतकालिकांवरचा वर्षाला ३७ लाख ५० हजार डॉलरच्या आसपास गेलेला खर्च आता झेपणारा नाही, असं आपल्या सहकाऱ्यांना लेखी कळवलं. हार्वर्डला झेपत नाही, तर बाकीच्यांनी काय करावं?

पुरातत्त्वाच्या शेजारघरातही हालचाल होती. मुक्त प्रवेशाबाबत व्हाइट हाउसने जनतेकडून मतं मागवली होती. त्यावर अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनने उत्तर पाठवलं की सध्याची व्यवस्था पुरेशी आहे, सरकारने हात घालायची गरज नाही. तिच्याच सभासदांनी त्यावर बरीच आगपाखड केली. बार्टमन यांचं पत्र आलं ते या पार्श्वभूमीवर, आणि त्यात त्यांनी या भगिनीसंस्थेचा दाखलाही दिला.

पत्राचं म्हणणं

म्हणणं थोडक्यात असं. सरकार संशोधनाला पैसे देत असेल, पण तज्ज्ञपरीक्षणाला (छापण्याआधी त्याच विषयातल्या इतर अभ्यासकांनी लेख तपासण्याला) आणि त्यापुढच्या संपादनाला देत नाही. लेखकाने पाठवलेला मजकूर आणि छापून आलेला लेख यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मधे परीक्षक, संपादक, मजकूर तपासणारे, चित्रं पाहणारे, मांडणी करणारे असे अनेक हात लागतात. हे हात फुकट मिळत नाहीत. वर्गणीदार याच कामाचे पैसे देतात. तेच उत्पादन फुकट वाटलं तर वर्गणी आटेल, आणि वर्गणी आटली की दर्जा राखणारी यंत्रणाच कोसळेल. शिवाय, व्याख्यानं आणि लोकप्रिय द्वैमासिकाच्या रूपाने आम्ही ज्ञान लोकांपर्यंत नेतच आहोत, मग बाहेरून सक्ती कशाला?

खर्चाचा मुद्दा खरा आहे

आधी पत्राच्या बाजूने बोलतो, कारण टीकाकारांनी हा भाग फार सहज उडवून लावला.

पुरातत्त्वाचा लेख हा निव्वळ शब्दांचा नसतो. खापराचा एक तुकडा छापायचा म्हटलं तरी त्याचं ठरलेलं रेखाटन लागतं: मधोमध उभी रेघ, एका बाजूला भांड्याच्या जाडीचा छेद, दुसऱ्या बाजूला बाहेरचं दर्शन, खाली प्रमाणपट्टी. अशी रेखाटनं पानावर दाटीवाटीने बसवायची. मग प्रत्येकाचा क्रमांक यादीतल्या नोंदीशी, नोंदीतला थर छेदचित्रातल्या थराशी आणि छेदचित्र उत्खननाच्या नकाशाशी जुळतंय का, हे कोणीतरी डोळ्यांत तेल घालून पाहायचं. एक क्रमांक चुकला तर सातव्या थरातलं भांडं चौथ्या थरात जातं, आणि पुढची वीस वर्षं लोक चुकीची कालगणना उद्धृत करत राहतात. हे काम परीक्षक करत नाही. ते पगारी संपादक करतो.

छायाचित्रांचं तर निराळंच दुखणं. एखाद्या संग्रहालयातल्या चित्रित भांड्याचा फोटो लेखात हवा असेल तर संग्रहालयाचा अर्ज भरावा लागतो. त्या काळच्या अशा अर्जांत साधारण विचारलेलं असे: प्रती किती छापणार? कोणत्या देशांत विकणार? कोणत्या भाषेत? किती वर्षांसाठी? फुकट उघड्या ठेवलेल्या लेखाबाबत याची उत्तरं काय लिहायची? प्रती अगणित, देश सगळे, मुदत कायमची. अर्जाच्या रकान्यांत हे बसत नाही. मग शुल्क चढतं किंवा परवानगीच नाकारली जाते, आणि भुर्दंड बहुतेक वेळा लेखकाच्या खिशावर पडतो. माझ्या मते एआयएचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच होऊ शकला असता. पत्राचा भर मात्र संपादनाच्या श्रमांवर राहिला.

पण भीती ज्याची, ते विधेयक असं नव्हतंच

विधेयक काय मागत होतं ते नीट वाचलं की पत्राचा पाया डळमळतो. त्यात संपादित, मांडणी केलेला, छापील पानांसारखा दिसणारा लेख मागितलेला नव्हता. मागणी होती ती परीक्षणानंतर स्वीकारलेल्या लेखकाच्या मसुद्याची, आणि तीही प्रकाशनानंतर सहा महिन्यांच्या आत. मांडणीकाराचं काम प्रकाशकाकडेच राहणार होतं. परीक्षणाचं फळ मात्र फुकट वाटलं जाणार होतं, इतपत तक्रार रास्त. पण परीक्षक स्वतःच बिनपगारी असतात. त्यांना जमवणं, त्यांच्या मागे लागणं, याचा खर्च येतो. तो येतो, पण पत्र सुचवतं तितका नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बाहेरच्या संशोधनावर वर्षाला १० कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या संस्थांनाच विधेयक लागू होतं. तेव्हाच्या हिशेबात अशा ११ संस्था येत: शेती, संरक्षण, ऊर्जा, आरोग्य, नासा, नॅशनल सायन्स फाउंडेशन वगैरे. मानव्यविद्यांना अनुदान देणारी नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज त्या यादीत नव्हती. राष्ट्रीय उद्यानं ज्याच्या अखत्यारीत येतात ते अंतर्गत खातंही नव्हतं.

आता एजेएमध्ये काय छापून येतं ते आठवा. ग्रीस, इटली, तुर्कस्तान, इजिप्त. या उत्खननांना सरकारी पैसा मिळालाच तर तो बहुधा एन्डाउमेंटकडून. बाकी विद्यापीठाचा निधी, खाजगी प्रतिष्ठानं, एखादा धनवान हौशी देणगीदार, आणि उन्हाळी शिबिराला येणाऱ्या विद्यार्थ्यांची फी. सायन्स फाउंडेशनचा पैसा पुरातत्त्वात येतो, पण त्याचा ओढा मानवशास्त्रीय अंगाच्या प्रकल्पांकडे. म्हणजे एजेएच्या एका अंकातले किती लेख विधेयकाच्या कचाट्यात सापडले असते? फार तर एखाददुसरा. तेवढ्यासाठी कोणतं ग्रंथालय वर्गणी बंद करणार होतं?

साप म्हणून दोरी धोपटण्याचा हा प्रकार. त्यात एआयए जाऊन उभी राहिली ती ज्यांनी ग्रंथालयांची अंदाजपत्रकं पिळून काढली होती त्या बड्या व्यापारी प्रकाशकांच्या रांगेत. एजेए त्या मानाने स्वस्त नियतकालिक. व्यापारी प्रकाशकांच्या घाऊक वर्गण्यांनी ग्रंथालयाचे पैसे संपले की कात्री लागते ती अशाच छोट्या संस्थांच्या त्रैमासिकांना. ज्यांच्यामुळे आपली वर्गणी धोक्यात, त्यांचीच बाजू घेण्यात कोणता शहाणपणा होता, हे मला अजून उलगडलेलं नाही.

भरीला भर म्हणजे एजेए तेव्हाही पूर्ण बंद नव्हतं. ग्रंथपरीक्षणं, प्रदर्शनांची परीक्षणं आणि काही निवडक लेख संकेतस्थळावर फुकट होते. सप्टेंबर २०११ मध्ये जेस्टोरने (विद्वत्‌ नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहाने) अमेरिकेत १९२३ पूर्वी प्रसिद्ध झालेले जुने अंक सर्वांना खुले केले होते, त्यामुळे एजेएची पहिली काही दशकंही मोकळी झाली होती. त्याने आभाळ कोसळलं नव्हतं.

समर्थकांची घोषणाही तोकडी

मुक्त प्रवेशवाल्यांचा लाडका युक्तिवाद असा: करदात्याने पैसे दिले, तर निबंध करदात्याचा. कर्करोगाच्या संशोधनात हा चपखल बसतो. पुरातत्त्वात त्याचं टोक बोथट होतं. वर पाहिलंच, की या शाखेत करदात्याचा पैसा लहान वाटेकरी. उद्या एखाद्या उद्योगपतीने सगळा खर्च उचलला, तर मग अहवाल कुलपात ठेवायला हरकत नाही का? करदात्याच्या तर्काने तरी नाही.

पुरातत्त्वाची अडचण वेगळी आहे आणि म्हणून तिथला हक्कही वेगळा आहे. रसायनशास्त्रातला प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करता येतो. उत्खनन पुन्हा करता येत नाही. खणलेला थर कायमचा गेला. उरतात त्या नोंदी, चित्रं, वस्तू आणि अहवाल. त्यामुळे अहवाल हा शोधाविषयीचा मजकूर न राहता शोधाचा उरलेला अवशेषच होतो. सोसायटी फॉर अमेरिकन आर्किऑलॉजीच्या १९९६ च्या नीतितत्त्वांत, मिळालेलं ज्ञान वाजवी वेळेत शक्य तितक्या व्यापक समाजापर्यंत पोचवावं, असं म्हटलेलं आहे. एआयएच्या स्वतःच्या व्यावसायिक आचारसंहितेतही निष्कर्ष वेळेत जाहीर करण्याचं बंधन आहे. या जबाबदारीचं मूळ पैशात नाही, खणण्याच्या परवानगीत आहे.

ती परवानगी दिली कोणी? इथे एक उदाहरण जवळून पाहू.

इटलीत सिएनाच्या दक्षिणेला मुर्लो नावाचं गाव आहे. जवळच्या पोज्जो चिविताते टेकडीवर १९६६ मध्ये अमेरिकेच्या ब्रिन मॉर कॉलेजच्या काइल फिलिप्स यांनी उत्खनन सुरू केलं. एट्रुस्कन (रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांच्या) काळातली, अंगणाभोवती बांधलेली, प्रत्येक बाजू ६० मीटरच्या आसपास असलेली एक भव्य इमारत तिथे सापडली. छपरावर भाजक्या मातीचे बसलेले पुतळे होते, त्यातल्या एकाच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी. पाहणाऱ्याला पटकन अमेरिकी गुराखी आठवावा अशी. इमारत इसवीसनापूर्वी सहाव्या शतकात पाडून टाकलेली. या उत्खननाचे सुरुवातीचे वार्षिक वृत्तांत छापून आले ते एजेएमध्ये, पहिला १९६७ च्या अंकात. पुतळे मुर्लोच्या संग्रहालयात आहेत. वृत्तांत इंग्रजीत आणि जेस्टोरवर. मुर्लोत राहणाऱ्या, पण कुठल्या विद्यापीठाचं ओळखपत्र नसलेल्या माणसाला २०१२ मध्ये त्या वृत्तांताचं पहिलं पान दिसे आणि पुढे शुल्काची पाटी.

याच टेकडीची दुसरी बाजू पाहा. एरिक कान्सा आणि सारा व्हिचर कान्सा यांनी उभ्या केलेल्या ‘ओपन कॉन्टेक्स्ट’ या संग्रहात याच उत्खननाच्या हजारो नोंदी आणि चराशेजारी बसून लिहिलेल्या वह्यांची पानं कोणालाही उघडता येतात. कच्ची वही मोकळी, पक्का लेख बंद! पत्रात ज्या संपादकीय संस्कारांचा अभिमान आहे, तेच संस्कार झालेला मजकूर त्या जागेच्या लोकांपासून सर्वांत दूर राहतो.

त्या इटालियन वाचकाला अमेरिकी विधेयकाने काहीच दिलं नसतं, कारण उत्खननाचा पैसा यादीतल्या ११ संस्थांचा नव्हता. त्याचा विचार बार्टमन यांच्या पत्रात नाही आणि त्यांच्यावर तुटून पडलेल्या बहुतेकांच्या बोलण्यातही नव्हता. दोन्ही बाजू अमेरिकी तिजोरीभोवतीच फिरत राहिल्या. जिथे खणलं तिथल्या माणसाचा हक्क हा वादाचा विषय झालाच नाही, आणि या प्रकरणातली मला दिसणारी खरी चूक ही आहे.

बंद ठेवण्याची सबळ कारणं

सगळंच उघडं करा, असंही पुरातत्त्वात म्हणता येत नाही. स्थळाचे अचूक अक्षांश-रेखांश जाहीर झाले की चोरटे फावडी घेऊन पोचतात. म्हणून अमेरिकी कायद्यातही पुरातत्त्वस्थळांची जागा गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. मूळनिवासी समाजांच्या दफनभूमी, पूजास्थानं, मानवी अवशेष यांची माहिती कोणी आणि कशी वाटावी यावर त्या समाजांचा शब्द चालला पाहिजे. पण हा प्रश्न काय छापावं याचा आहे. छापलेलं कोणी वाचावं हा प्रश्न वेगळा. वर्गणीची भिंत चोरट्याला अडवत नाही. श्रीमंत संग्राहकाला तर मुळीच नाही.

पुढे

ते विधेयक मंजूर झालं नाही. काम प्रशासकीय मार्गाने झालं. ६५ हजारांवर सह्यांची याचिका व्हाइट हाउसकडे गेली होती. २२ फेब्रुवारी २०१३ ला अध्यक्षांचे विज्ञान सल्लागार जॉन होल्ड्रेन यांनी मोठ्या अनुदानसंस्थांना आदेश दिला: बारा महिन्यांच्या आसपासच्या मुदतीनंतर निबंध खुले करा. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच कार्यालयाने पुढचं पत्रक काढलं. मुदत रद्द, लेख प्रसिद्ध होताच खुला, आणि १० कोटींची मर्यादाही काढून टाकलेली. अंमलबजावणीसाठी २०२५ अखेरपर्यंतचा वेळ. २०१२ मध्ये सुटलेली एन्डाउमेंट त्यामुळे कक्षेत आली.

मधल्या काळात विद्वत्संस्थांनी आपापल्या वाटा शोधल्या. अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनच्याच एका शाखेने ‘कल्चरल अँथ्रोपॉलॉजी’ हे नामांकित त्रैमासिक २०१४ मध्ये पूर्ण खुलं केलं. त्याच वर्षी, १९९६ पासून चालणारं, यॉर्क विद्यापीठातून निघणारं ‘इंटरनेट आर्किऑलॉजी’ हे ऑनलाइन नियतकालिक वर्गणीतून बाहेर पडलं. अभिजात विद्येतली ग्रंथपरीक्षणं देणारं ‘ब्रिन मॉर क्लासिकल रिव्ह्यू’ तर १९९० पासूनच फुकट आहे, आणि त्याच्या दर्जाबद्दल कोणी नाक मुरडत नाही. एजेएने २०२१ पासून प्रकाशनाचं काम शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेकडे सोपवलं.

आणि संशोधकांनी स्वतः काय केलं? ॲकॅडेमिया डॉट ईडीयू या संशोधकांच्या संकेतस्थळावर आपापल्या लेखांच्या फायली चढवल्या, करारात काय लिहिलंय ते न वाचता. पुरातत्त्ववाले यात आघाडीवर. डिसेंबर २०१३ मध्ये एल्सेव्हियरने तिथले सुमारे २,८०० लेख काढायला लावले, तरी सवय गेली नाही. आज कोणी पुरातत्त्वाचा लेख मागितला तर पहिला सल्ला मिळतो तो ‘लेखकालाच मेल टाका’ हा.

बार्टमन यांच्या पत्रातली एक भीती मात्र निराळ्या वेषात खरी ठरली. खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या माथ्यावर जातो. व्यापारी प्रकाशकांनी तो लेखकाच्या माथ्यावर टाकला. लेख खुला हवा तर एका लेखामागे हजारो डॉलर भरा. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेला हे परवडतं. बांधकामाआधी जमीन तपासणाऱ्या कंपनीत दिवसपाळी करून रात्री लेख लिहिणाऱ्या उत्खननकाराला परवडत नाही, निवृत्त अभ्यासकाला नाही, इराक किंवा पेरूमधल्या तरुण संशोधकाला तर नाहीच. पूर्वी तो वाचू शकत नव्हता, आता लिहू शकत नाही. इंटरनेट आर्किऑलॉजीने आणि यॉर्कच्याच आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस या पुरातत्त्वीय नोंदी जपणाऱ्या संग्रहाने अनुदान नसलेल्या लेखकांसाठी निधी उभा केला आहे तो यासाठीच.

एआयएसारख्या संस्थेला २०१२ मध्ये तिसरी वाट होती असं मला वाटतं. सक्ती नको असेल तर नको म्हणा, पण स्वतःहून तीन किंवा पाच वर्षांपूर्वीचे अंक खुले करा. पुरातत्त्वाचा लेख पन्नास वर्षंही वाचला जातो, हे खरं. म्हणूनच जुने अंक उघडल्याचा फायदा मोठा. आणि ताज्या अंकासाठी ग्रंथालय वर्गणी भरत राहतंच, कारण ज्याला या वर्षीच्या हंगामात खणायचं आहे तो गेल्या वर्षीचा वृत्तांत मिळायला पाच वर्षं थांबणार नाही. यात थोडा तोटा झाला असता, पण तो मोजता आला असता.

सरकारी आदेशांच्या कक्षेबाहेर आजही बरंच काही आहे. देणगीदाराच्या पैशाने, विद्यार्थ्यांच्या फीवर परदेशात चालणाऱ्या उत्खननाला २०२२ चं पत्रक लागू नाही. तिथला अहवाल कुठे छापायचा आणि कोणाला वाचू द्यायचा हे ठरतं उत्खनन संचालक, नियतकालिकाचं संपादक मंडळ आणि परवाना देणारं त्या देशाचं पुरातत्त्वखातं यांच्यात. यातल्या शेवटच्याला परवान्याच्या अटींत एक ओळ वाढवता येते: अंतिम अहवालाची प्रत अमुक मुदतीत सर्वांसाठी खुली करावी. अमेरिकेच्या संसदेला जे जमलं नाही, ते इटलीचं किंवा ग्रीसचं सांस्कृतिक मंत्रालय एका कलमात करू शकतं.